फिटनेस बँडचे आकडे वजन कमी करण्यासाठी कसे वापरावेत

अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी वजन कमी करू इच्छिणाऱ्या ४७१ तरुण प्रौढांवर दोन वर्षे केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. आहार, व्यायाम आणि समुपदेशन सर्वांना मिळत होते. मात्र सहा महिन्यांनंतर एका गटाला हालचाल मोजणारे यंत्र अंगावर बांधायला दिले आणि दुसऱ्या गटाने आपल्या नोंदी स्वतः ठेवल्या. दोन वर्षांअखेर यंत्र वापरणाऱ्यांचे वजन सरासरी ३.५ किलो, तर नोंदी स्वतः ठेवणाऱ्यांचे ५.९ किलो घटलेले होते. नवा बँड घेणाऱ्या प्रत्येकाने हे आकडे आधी समजून घ्यावेत, असे मला मनापासून वाटते. बँडचा उपयोग नक्कीच होतो, पण त्याच्याकडून कोणते काम करून घ्यायचे, हे आपण आधी ठरवायला हवे.

प्रथम ॲपमध्ये वय, उंची आणि आजचे वजन अचूक भरावे. बँड मनगटाच्या हाडापासून एक बोट वर, त्वचेला नीट टेकेल पण रुतणार नाही असा बांधावा. हातात बांगड्या असतील, तर तो बांगड्यांच्या वर, कोपराच्या बाजूला सरकवावा. बांगड्यांमुळे सेन्सर त्वचेपासून उचलला गेला, तर हृदयगती चुकीची नोंदवली जाते. सोलापूरच्या उन्हाळ्यात पट्ट्याखाली घाम साचून पुरळ येते, म्हणून पट्टा रोज धुऊन कोरडा करावा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट: ‘आज इतक्या कॅलरी खर्च झाल्या’ हा आकडा पाहून जेवणाचा हिशेब करू नये. २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाने मनगटावरच्या सात यंत्रांची तपासणी केली, तेव्हा बहुतेक यंत्रांनी हृदयगती बऱ्यापैकी अचूक सांगितली. कॅलरींच्या बाबतीत मात्र सर्वांत चांगल्या यंत्राची चूकही सरासरी २७ टक्के आणि सर्वांत वाईट यंत्राची ९३ टक्के निघाली. शिवाय अनेक बँड, आपण नुसते बसून राहिलो असतो तरी खर्च झाल्या असत्या, त्या कॅलरीही एकूण आकड्यात धरतात. ७५ किलो वजनाची व्यक्ती तासभर झपझप चालली, तर साधारण २६० कॅलरी खर्च होतात, पण त्यांतल्या सुमारे ७५ घरी बसूनही झाल्याच असत्या. म्हणजे चालण्याची खरी कमाई १८५ च्या आसपास. आपल्याकडे भाकरीबरोबर घेतली जाणारी शेंगा चटणी दोन मोठे चमचे, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम, घेतली तर तिच्यातूनच जवळपास १७० कॅलरी मिळतात, आणि वर तेल घातले तर त्याहून अधिक. चटणी सोडावी असे मी म्हणणार नाही. ती चमच्याने मोजून घ्यावी, आणि ‘आज चाललो आहे’ म्हणून दुसऱ्यांदा वाढून घेऊ नये. आपण काय खाल्ले हे बँडला कळत नाही, त्यामुळे खाण्याची नोंद वहीत स्वतःच्या हाताने ठेवणे अधिक उपयोगी ठरते.

पावलांची संख्या मात्र विश्वासाने वापरता येते. पहिल्या आठवड्यात दिनक्रमात काहीही बदल न करता बँड बांधावा आणि सात दिवसांची सरासरी काढावी. ती ४,००० असेल, तर पुढचे दोन आठवडे ५,००० चे उद्दिष्ट ठेवावे, आणि ते अंगवळणी पडल्यावर आणखी हजार वाढवावीत. १०,००० हा आकडा १९६०च्या दशकात जपानमध्ये विकल्या गेलेल्या पावले मोजण्याच्या यंत्रामुळे रूढ झाला. पहिल्याच दिवशी तो गाठण्याचा हट्ट धरला, की गुडघे दुखतात आणि बँड कपाटात जातो. वेगही पाहावा: मिनिटाला सुमारे १०० पावले पडली, तर तो मध्यम व्यायाम समजावा, आणि असा व्यायाम आठवड्याला किमान १५० मिनिटे व्हावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

खड्ड्यांच्या रस्त्यावरून दुचाकी चालवताना काही बँड खोटी पावले मोजतात, तर मंडईतून जड पिशवी धरून येताना हात हलत नसल्याने खरी पावलेही सुटतात. घरी बसून विड्या वळणाऱ्या किंवा शिलाई करणाऱ्या महिलांच्या बाबतीत हातांची सततची हालचाल पावले म्हणून धरली जाण्याची शक्यता असते. त्यांनी एकूण पावलांऐवजी मुद्दाम चाललेली मिनिटे पाहावीत आणि दर तासाला उठण्याची सूचना सुरू ठेवावी. इतका वेळ एकाच जागी बसावे लागणाऱ्यांना बँडचा सर्वांत मोठा लाभ याच सूचनेतून होतो.

सोलापुरात सिद्धेश्वर तलावाचा किंवा संभाजी तलावाचा परिसर चालायला चांगला आहे, पण एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर जात असताना पहाटेचीच वेळ निवडावी. उष्म्यात त्याच वेगाने चालूनही हृदयगती जास्त दिसते. त्यामुळे चरबी अधिक जळते असे समजू नये, उलट वेग कमी करावा आणि पाणी प्यावे. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांची हृदयगती औषधामुळेच कमी राहते, म्हणून व्यायाम हलका, मध्यम की जोराचा हे सांगणारे बँडवरचे हृदयगतीचे टप्पे त्यांना लागू पडत नाहीत. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहींनी व्यायाम वाढवण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलणे आवश्यक आहे, कारण चालण्याने साखर एकदम उतरू शकते.

वजन रोज सकाळी शौचानंतर, काही खाण्यापूर्वी करावे आणि आठवड्याची सरासरी मागील आठवड्याशी ताडून पाहावी. मीठ आणि पाणी यांमुळेच एका दिवसात किलोभर फरक पडू शकतो. आठवड्याला अर्धा किलो घट पुरेशी आहे. कमरेचा घेरही महिन्यातून एकदा मोजावा. भारतीय पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची मर्यादा मानली जाते. पावले वाढूनही चार आठवडे वजनाची सरासरी हलली नाही, तर आधी खाण्याची वही उघडावी आणि त्यातील तेल, साखर, शेंगदाणे व फरसाण यांच्या नोंदी तपासाव्यात. पावलांचे उद्दिष्ट त्यानंतर वाढवावे.