गाडीत नवा स्टिरिओ बसवताय? मग वायर कापू देऊ नका

माझी २०१४ ची स्विफ्ट आहे, कंपनीचा स्टिरिओ चांगला होता पण मॅप लावायचा तर मोबाईल मांडीवर नाहीतर एसीच्या जाळीला अडकवलेला, त्यामुळे टचस्क्रीन घेतला. दुकानदाराने अर्ध्या तासात बसवून दिला, मी खूष. दोन महिन्यांनी भर पावसात एक दिवस सकाळी गाडी सुरूच होईना, बॅटरी पार उतरलेली. डॅश उघडून बघितलं तर कंपनीचं सॉकेट कापून टाकलेलं, वायरी नुसत्या पिळून वर काळी टेप, आणि पिवळी-लाल एकत्र जोडलेली. ते सगळं मी स्वतः नीट केलं, तेव्हा जे कळलं ते लिहितोय.

आधी साईज बघा. डबल डिन म्हणजे साधारण १८० बाय १०० मिमीचा खाचा, त्यात ७ इंची बसतो. ९ इंची हवा असेल तर तुमच्याच मॉडेलची प्लास्टिकची फ्रेम लागते, स्विफ्टची बलेनोला चालत नाही. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत खाचा २०० मिमी रुंद असतो, तिथे बाजूला पट्ट्या लागतात. डब्यावरच्या ‘५० वॅट बाय ४’ वर जाऊ नका, तो कमाल पॉवरचा आकडा असतो, सलग मिळणारी पॉवर, म्हणजे आरएमएस, त्याच्या निम्म्याहूनही कमी असते, ती किती ते विचारा. अँड्रॉइडवाला घेत असाल तर २ जीबी रॅमचा घेऊ नका, मॅप आणि गाणी एकत्र लावली की अडकायला लागतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, फ्रेमबरोबर तुमच्या गाडीचा कपलर मागा. कपलर म्हणजे एका बाजूला कंपनीच्या सॉकेटमध्ये बसणारी पिन आणि दुसऱ्या बाजूला नव्या स्टिरिओची. स्टिरिओच्या किमतीपुढे त्याचा खर्च किरकोळ असतो आणि एकही वायर कापावी लागत नाही. गाडी वॉरंटीत असेल तर कापलेल्या वायरवरून इलेक्ट्रिकलचा क्लेम अडू शकतो, म्हणून यात तडजोड करूच नका.

आता काम. किल्ली काढा, १० नंबरच्या पान्याने बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडा आणि पाच-दहा मिनिटं थांबा. एअरबॅगचे कपलर बहुतेक पिवळे असतात, त्यांना हातच लावायचा नाही. पॅनल क्लिपवर असतं, प्लास्टिकच्या पट्टीने हळूहळू उचकटा, स्क्रूड्रायव्हर घातला तर ओरखडा कायमचा राहतो. बऱ्याच गाड्यांत हॅझर्डचं बटण त्याच पॅनलला असतं, तेव्हा एकदम ओढू नका, मागची वायर आधी काढा.

वायरींचे रंग बहुतेक आफ्टरमार्केट, म्हणजे बाहेरून घेतलेल्या, स्टिरिओत सारखेच असतात. पिवळी कायम १२ व्होल्ट, लाल किल्ली फिरवल्यावर, काळी अर्थिंग. पांढरी पुढचा डावा स्पीकर, करडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा, आणि काळी रेघ असलेली त्याच स्पीकरची निगेटिव्ह. पण गाडीकडच्या वायरींच्या रंगावर विश्वास ठेवू नका. टर्मिनल तात्पुरतं लावून मल्टीमीटरने मोजा, किल्ली बंद असताना पिवळीत साडेबाराच्या आसपास आणि लालमध्ये शून्य आलं पाहिजे. दोन्ही वायरी थेट बॅटरीवर गेल्या तर स्टिरिओ रात्रभर जागा राहतो, माझं तेच झालं होतं. उलटसुलट झाल्या तर गाडी बंद केली की घड्याळ आणि सेव्ह केलेली स्टेशनं उडतात. फोक्सवॅगनच्या काही जुन्या गाड्यांत या दोन पिनांच्या जागाच अदलाबदल असतात, तिथे जास्त लक्ष द्या. मोजून झालं की टर्मिनल परत काढा आणि मगच जोडणी करा.

एखाद्या स्पीकरची प्लस-मायनस उलटली तर आवाज येतो पण बेस गायब होतो, लोक उगाच स्पीकर बदलत बसतात. एफएम खरखरत असेल तर निळी वायर बघा, बऱ्याच अँटेनात छोटा अॅम्प्लिफायर असतो आणि त्याला तिथूनच करंट मिळतो. स्टेअरिंगची बटणं असतील तर स्टिरिओच्या की-वन, की-टू या वायरी जोडून सेटिंगमध्ये एकेक बटण दाबून शिकवायची, काही नव्या गाड्यांना मात्र त्यासाठी कॅनबस डबी, म्हणजे गाडीचे डिजिटल सिग्नल स्टिरिओला समजावणारी डबी, लागते. माईक स्क्रीनच्या मागे सोडू नका, समोरच्याला तुमचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो, पुढच्या काचेशेजारच्या खांबाच्या बीडिंगमधून वर आणून ड्रायव्हरच्या बाजूला लावा. जीपीएसची छोटी अँटेना काचेखाली, वर धातू येणार नाही अशी.

पॅनल दाबून बसवायच्या आधी सगळं चालवून बघा. चारही स्पीकर एकेक करून, रिव्हर्स टाकून कॅमेरा, लाईट लावून बटणांचा उजेड, एक फोन कॉल. मग किल्ली काढून दहा मिनिटं थांबा आणि स्क्रीन खरंच बंद झाली का ते बघा.

जुना स्टिरिओ आणि त्याचे स्क्रू एका पिशवीत बांधून ठेवा. वायर कापलेली नसेल तर गाडी विकताना पंधरा-वीस मिनिटांत परत लागतो, फक्त काही स्कोडा-होंडाच्या स्टिरिओंना करंट गेल्यावर परत सुरू करायला कोड लागतो, तो कोड स्टिरिओ काढायच्या आधीच लिहून ठेवा.