नवतप्यात, घाटात गाडी तापली तर

परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट, गाडीत पाच माणसं, एसी फुल आणि बाहेर 45 अंश. अशा वेळी इंजिनाच्या तापमानाचा काटा वर सरकण्याआधी बऱ्याचदा एक खूण मिळते, ती म्हणजे एसीची हवा एकदम कोमट होते. इंजिन तापलं की अनेक गाड्यांत कॉम्प्रेसर आपोआप बंद पडतो. ‘गॅस संपला वाटते’ म्हणून लोक पुढे जात राहतात.

काटा मधल्या खुणेच्या वर आहे, पण लाल पट्ट्यात नाही, तोवर एसी बंद करा, काचा खाली घ्या, हीटर पूर्ण गरम करून ब्लोअर फुल सोडा. हीटर म्हणजे छोटं रेडिएटरच, तो इंजिनाची उष्णता गाडीत ओढून घेतो. अंगाची लाही होईल, पण दोन-तीन मिनिटांत काटा उतरू शकतो. काटा लालमध्ये गेला किंवा बॉनेटातून वाफ आली, की मात्र लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद. ‘आता चारच किलोमीटर’ या हिशेबात हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, वाकतं आणि त्याखालचं सील, म्हणजे हेड गॅस्केट, जातं. काटा वर जाऊन अचानक शून्याकडे पडला, तरी खुश होऊ नका. पाणी संपून सेन्सर कोरडा पडला की असंच होतं.

गाडी वाळलेल्या गवतावर किंवा पराटीच्या (कापसाच्या वाळलेल्या काड्यांच्या) ढिगाजवळ लावू नका, सायलेन्सरच्या उष्णतेने पेट घेतो. वळणावर असाल तर इशाऱ्याचा लाल त्रिकोण वळणाच्या अलीकडे ठेवा. दगड ठेवले असतील तर जाताना उचला. माणसं झाडाखाली, गाडीत कुणी बसायचं नाही. माणशी दोन लिटर प्यायचं पाणी वेगळं असू द्या, ते रेडिएटरला नाही.

आता किमान अर्धा-पाऊण तास थांबा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल झालं की दाब पडतो आणि क्षणात त्याची वाफ होऊन तोंडावर येते. दुपट्ट्याची घडी हातात घेऊन रेडिएटरचा वरचा जाड होज (रबरी पाइप) दाबून बघा. तो मऊ लागला तरच दाब उतरला समजा. मग झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवा, फुस्स संपू द्या, नंतर काढा.

पाणी ओतण्याआधी कारण शोधा. गाडीखाली साधं, बिनवासाचं पाणी असेल तर ते एसीचं. हिरवं, गुलाबी, बुळबुळीत असेल तर कूलंट गळतंय. होज क्लिपपाशी फुटला असेल आणि लांबी पुरत असेल, तर फुटका तुकडा कापून पुन्हा बसवा, स्क्रूड्रायव्हरने क्लिप आवळा. मधोमध फुटला तर होज पुसून सिलिकॉन टेप ताणून चार-पाच वेढे द्या आणि झाकण पहिल्या खाचेवरच ठेवा, म्हणजे दाब साचत नाही. गळती नसेल तर इंजिन चालू करून एसी लावा, रेडिएटरचा पंखा फिरला पाहिजे. नाही फिरला तर फ्यूज बघा. फ्यूज ठीक असेल आणि पंख्याच्या रिलेच्या (फ्यूज बॉक्समधल्या छोट्या स्विचच्या) नंबरचाच दुसरा रिले असेल तर तो लावून पाहा. फ्यूजच्या जागी तार घालू नका, वायरिंग जळतं. पंखाही ठीक असेल तर रेडिएटरच्या जाळीत कापसाचे धागे, गवत, किडे अडकलेत का ते बघा.

पाणी इंजिन निवल्यावरच, थोडं थोडं ओता. गरम इंजिनावर गार पाणी पडलं की तडा जातो. लहान गाडीच्या कूलिंगमध्ये साधारण 4 ते 6 लिटर मावतं, म्हणून पाच लिटरची एक कॅन डिक्कीत असावी. वावरातल्या बोअरचं पाणी नाइलाजाने चालतं. पण अकोला-दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यातलं असेल तर परत आल्यावर पूर्ण काढून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं भरा, नाहीतर क्षार साचून रेडिएटर चोंदतं.

ऑइलची काडी काढून बघा. ऑइल दुधाळ असेल तर गॅस्केट गेलंय, गाडी चालू करू नका. बाकी ठीक असेल तर 40-50 च्या वेगाने, एसी बंद ठेवून निघा, दर दहा किलोमीटरला थांबून पातळी बघा. पाणी पुन्हा कमी झालं तर ओढूनच न्यायची.

राष्ट्रीय महामार्गावर 1033, इतरत्र 112, उष्माघाताला 108. मेळघाटात रेंज नसेल तर येणाऱ्या एसटीच्या वाहकाकडे निरोप द्या. गावातला ट्रॅक्टर मिळाला तर चार-पाच मीटर दोर बंपरला न बांधता, टूलकिटमधला हुक गाडीला बसवून त्याला बांधा. चावी चालूवर ठेवा, म्हणजे स्टिअरिंग लॉक होत नाही. इंजिन बंद असताना दोन-तीन वेळा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा होतो, तेव्हा ट्रॅक्टरवाल्या भाऊला वीसच्या वर जाऊ नको म्हणून आधीच सांगा. घाट उतरताना दोराने ओढू नका. ऑटोमॅटिक गाडी असेल तर गाडी वर चढवून नेणारी ट्रॉलीच मागवा.