मेलबर्नला आलात? मग जायची तयारी आत्ताच सुरू करा

मेलबर्नच्या टारनीट उपनगरात माझ्या गॅरेजात आत्ता सहा प्रेशर कुकर आहेत. त्यातला एकही मी विकत घेतलेला नाही. इथे शिकून परत गेलेल्या मुलामुलींनी विमानाच्या आदल्या दिवशी "ताई, कुणाला तरी द्या" म्हणून आणून ठेवलेले. सोबतीला तीन तवे, दोन रजया आणि तार तुटलेली एक गिटार. या सगळ्यांचा शेवटचा आठवडा मी जवळून पाहिलाय, आणि तो बहुतेक सारखाच असतो. परवानगी तीस किलोची, सामान पंचेचाळीस किलोचं, बॉन्ड, म्हणजे घराची अनामत, अडकलेला, आणि रात्री अकराला आमटी-भात खाता खाता हळूच, "ताई, उलुरू राहिलंच हो बघायचं." उलुरू म्हणजे मधल्या वाळवंटातला तो प्रचंड लाल दगड.

म्हणून हे लिहितेय, आणि तेही जाणाऱ्यांसाठी नाही, या सत्रात नव्याने आलेल्यांसाठी. सिम कुठलं घ्यायचं, मायकी हे बस-ट्रेनचं कार्ड कसं भरायचं, वाणसामानाला आल्डी स्वस्त की कोल्स, हे तुमचं तुम्हाला आठवड्यात कळेल. जायचं कसं, हे मात्र कुणी सांगत नाही. मंडळाच्या गणपतीत भेटणारे काका-काकू पहिला प्रश्न विचारतील, "पीआरचं काय?" म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्याचं. परत जाणारा म्हणजे नापास झालेला, असा त्यांचा एकंदर सूर असतो. तिकडे लक्ष देऊ नका, मोदक खा.

मी स्वतः दोनदा आले. पहिल्यांदा २००९ च्या फेब्रुवारीत, मेलबर्नच्या क्लेटन भागात शिकायला. साताऱ्याहून निघताना मावशीने हाताने विणलेले तीन स्वेटर दिले होते. पहिल्याच शनिवारी, ७ फेब्रुवारीला, मेलबर्नचा पारा ४६.४ वर गेला आणि मी ओला टॉवेल डोक्यावर घेऊन खोलीत बसले होते. राज्यात वणवे पेटलेत हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्यात १७३ माणसं गेली. मे महिन्यात भारतीय विद्यार्थ्यांवरच्या हल्ल्यांच्या बातम्या सुरू झाल्या. हिवाळ्यात इथे पाचच्या सुमारास अंधारतं, तेव्हा साताऱ्यात साडेबारा वाजलेले असतात, हे आईने पाठ करून टाकलं होतं. वरणाला फोडणी दिली की फोन, "घरी पोचलीस का?" २०१० च्या डिसेंबरात परत गेले. २०१४ ला नवऱ्याबरोबर पुन्हा आले, तेव्हापासून इथेच. त्या पहिल्या जाण्यात मी जे गोंधळ घातले तेच मुलं अजून घालतात, फक्त फोन चांगले आलेत.

आता बॉन्ड. हा भाग दोनदा वाचा.

क्लेटनची माझी खोली आठवड्याला १२० डॉलर होती. चार आठवड्यांची अनामत ४८०, म्हणजे तेव्हाचे पंधरा हजार रुपये. खोली सोडून जाणारा मुलगा आपलाच, पुण्याचा. सगळे त्याला दादा म्हणायचे. दादा म्हणाला, "माझा बॉन्ड भरलेलाच आहे. तू मला रोख दे, तू जाशील तेव्हा तुझ्या जागी येणारा तुला देईल." मला अगदी पटलं. पावती मागितली नाही, कारण त्याने मला पोहे करून घातले होते. दीड वर्षाने अख्ख्या घराचंच लीज संपलं. माझ्या जागी कुणी येणार नव्हतं. बॉन्डच्या कागदावर दोन नावं होती, त्यातलं एक दादाचं आणि दुसऱ्याला मी कधी पाहिलेलंही नव्हतं. पैसे ज्यांची नावं त्यांना गेले. दादाचा नंबर बंद होता. "आपलाच माणूस आहे" हे या देशातलं सगळ्यात महाग वाक्य आहे.

व्हिक्टोरियात बॉन्ड घरमालकाच्या खिशात राहत नाही. तो आरटीबीए नावाच्या सरकारी खात्यात जमा होतो आणि तिथून तुमच्या नावाने पावती येते. घरमालकाने किंवा एजंटने दहा कामकाजी दिवसांत तो भरायचा असतो. तीन आठवडे झाले आणि पावती नाही, तर थेट आरटीबीएला विचारा. शेअरिंगच्या घरात एक जण जाऊन दुसरा आला तर तिथे रीतसर बॉन्ड ट्रान्स्फर करता येतो, आणि तो करायचाच. नाव नाही तर पैसे नाहीत. कुणी कितीही पोहे करून घालू दे.

घरात शिरलात की कंडिशन रिपोर्ट, म्हणजे घराच्या अवस्थेची नोंद, हातात पडतो. तो भरून पाच कामकाजी दिवसांत परत द्यायचा. मुलं न बघताच सही करतात. तसं करू नका. कार्पेटवरचा जुना डाग, खिडकीची फाटलेली जाळी, ओव्हनच्या आतली काळी पुटं, सगळ्याचे फोटो काढा आणि ईमेलने पाठवून द्या. एजंट "नो वरीज" म्हणाला म्हणजे काम झालं असं नसतं. इथली माणसं गोड बोलतात आणि कागद बघून वागतात. यात खोटेपणा नाही, त्यांची रीतच ती. तुम्हीही कागद ठेवा.

आणि हळद. पांढऱ्या ओट्यावर हळदीचा चमचा रात्रभर पडला की सकाळी पिवळा चंद्र उगवलेला असतो. लगेच खाण्याचा सोडा ओला करून चोळला तर बराच जातो, महिनाभर राहिला तर तुमच्या बॉन्डमधून जातो. फोडणीच्या वेळी एक्झॉस्ट लावा, आणि धूर झाला तर खिडकी उघडा, फ्लॅटचं दार मात्र उघडू नका. कॉरिडॉरमध्ये धूर गेला की इमारतीचा अलार्म वाजतो, आगीचा बंब येतो आणि त्याचं बिल मागून येतं. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीला मिरचीचा ठेचा असा चांगलाच महागात पडला.

नोकरीबद्दल थोडक्यात. कॉलेज चालू असताना पंधरवड्याला ४८ तास, त्याच्या वर नाही. रोखीवर काम करू नका. मालक मराठी असला तरी नाही, आणि असला तर आणखीच नाही. रीतसर पगार असेल तर त्यावर १२ टक्के सुपर, म्हणजे निवृत्तीच्या फंडातले पैसे, मालकाने वेगळं भरायचं असतं. ते पैसे तुमचे. देश सोडल्यावर आणि व्हिसा संपल्यावर टॅक्स ऑफिसच्या साइटवरून ते परत मागता येतात, विद्यार्थी व्हिसावाल्यांचा त्यातला साधारण ३५ टक्के कर कापला जातो, अर्ज फुकट आहे. मी तीन नोकऱ्या केल्या, तीन फंड उघडले आणि तिन्ही विसरले. फंडांच्या फीनेच ते खाल्ले. तुम्ही आजच एक करा, फंडात, टॅक्सच्या खात्यात आणि बँकेत विद्यापीठाचा ईमेल देऊ नका. पदवी झाली की तो कधीतरी बंद होतो, आणि मग नागपुरात बसून पासवर्ड कसा बदलणार? ऑस्ट्रेलियाचा फोन नंबरही पैसे हातात पडेपर्यंत चालू ठेवा. ओटीपी त्याच्यावरच येतो.

आता फिरणं. माझं ठाम मत आहे की शेवटच्या महिन्यासाठी काहीही राखून ठेवू नये. शेवटच्या महिन्यात माणूस फिरत नाही, यादी संपवतो.

पहिल्याच सत्रात, एखाद्या शनिवारी, व्ही-लाइनची, म्हणजे शहराबाहेर जाणारी, रेल्वेगाडी पकडा. २०२३ पासून अख्ख्या व्हिक्टोरियात दिवसभराचं भाडं शहराइतकंच, म्हणजे अकरा डॉलरच्या आसपास, आणि शनिवार-रविवारी त्याहून कमी. एवढ्यात तुम्ही बॅलरॅट, बेंडिगो करू शकता, अगदी साडेतीन तास लांबच्या वॉरनाम्बूललाही जाऊ शकता. जून ते सप्टेंबरमध्ये तिथल्या लोगन्स बीचवर देवमासे पिल्लं घालायला किनाऱ्याजवळ येतात. लाकडी मचाण आहे, तिकीट नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दोन तास फक्त पाणी आणि वारा. थर्मासमधला चहा संपला आणि निघणार एवढ्यात शेजारच्या आजोबांनी कोपर मारलं. काळी पाठ वर आली, फवारा उडाला, आणि तिच्यामागून एक छोटी पाठ. मावशीचा स्वेटर तेव्हा पहिल्यांदा उपयोगी पडला.

ग्रेट ओशन रोड सगळे करतात, आणि सगळे एका दिवसात करतात. हे वेडेपण आहे. टॉर्कीपासून सुरू होणारा तो रस्ता साधारण २४० किलोमीटर, वळणावळणाचा. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात पहारी-फावड्यांनी खणलेला. पाच जणांनी गाडी भाड्याने घ्यायची, पहाटे निघायचं, ट्वेल्व्ह अपॉसल्स या समुद्रातल्या दगडी सुळक्यांपाशी दहा मिनिटं सेल्फी, आणि रात्री पेंगत परत. संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात, आणि तुमच्यातला गाडी चालवणारा एकटाच जागा असतो. अपोलो बे किंवा पोर्ट कॅम्पबेलला एक रात्र राहा. ते सुळके नावाप्रमाणे बारा कधीच नव्हते. २००५ च्या जुलैत एक कोसळला, आता आठ उरलेत. गाडी घेताना विम्याचा एक्सेस, म्हणजे अपघातात तुमच्या खिशातून जाणारी रक्कम, किती हे वाचा, आणि टोल विसरू नका. इथे टोलनाका दिसत नाही, कॅमेरा नंबर टिपतो आणि पत्र मागाहून येतं.

टास्मानियाला बोटीने जाणार असाल तर ती आता जिलाँगहून सुटते. फळं घेऊन चढू नका, उतरताना काढून घेतात.

उलुरूला मी शेवटच्या आठवड्यात गेले, डिसेंबरच्या उन्हात. चूक. मे ते ऑगस्टमध्ये जा. माश्यांसाठी डोक्यावरची जाळी घ्या, हसण्यावारी नेऊ नका, त्या नाकात शिरतात. तेव्हा वर चढायला बंदी नव्हती, पण पायथ्याशी फलक होता. तिथल्या मूळच्या अनंगू लोकांनी लिहिलं होतं, ही आमची पवित्र जागा, कृपा करून चढू नका. आमच्या गटातले चौघे साखळी धरून चढले. मला नाही चढवलं. घरच्या माणसाने चपला बाहेर काढा म्हटल्यावर आपण काढतोच ना. २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढणं कायमचं बंद झालं. मी पहाटे निघून पायथ्याची साधारण दहा किलोमीटरची फेरी केली, एकटीने. लांबून तो दगड गुळगुळीत दिसतो. जवळ गेलं की त्याला पापुद्रे असतात, गंजल्यासारखे.

आणि समुद्र. इथे मी हात जोडते. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच पाण्यात उतरा. झेंडे नाहीत तर उतरू नका, गुडघाभरही नाही. २०२४ च्या जानेवारीत फिलिप बेटावर फॉरेस्ट केव्ह्जच्या किनाऱ्यावर भारतीय वंशाचे चार जण एकाच वेळी बुडाले. तिथे जीवरक्षक नव्हते. विहिरीत सुरकांड्या मारणाऱ्याला वाटतं आपल्याला पोहता येतं. गणपतीपुळ्याला दरवर्षी काय होतं ते आठवा. लाटांच्या मध्ये जी शांत, गडद पट्टी दिसते, जिथे लाटा फुटत नाहीत, तीच समुद्राकडे खेचणारी ओढ असते. तिथे बरं वाटतं म्हणून आपली माणसं नेमकी तिथे जातात. सापडलातच तर किनाऱ्याकडे झुंजू नका, तरंगा आणि हात वर करा. त्याच बेटावर संध्याकाळी पेंग्विन बघा, फोटो काढायला मनाई आहे ते बरंच आहे.

जायचं ठरलं की आधी लीजची तारीख बघा, मग तिकीट काढा. उलटं करणारे रिकाम्या घराचं भाडं भरतात. घर सोडायची लेखी सूचना २८ दिवस आधी द्यावी लागते. पदवीदानाला आईबाबा येणार असतील तर त्यांना सांगा, पेढे, बर्फी, तूप आणू नका, आणि बाकी जे काही खाण्याचं असेल त्याला विमानातल्या कार्डावर "हो" लिहा. लाडू लपवून वाचत नाहीत, दंड होतो. कुत्रे हुशार आहेत.

लॅपटॉप-फोन घ्यायचा असेल तर शेवटच्या साठ दिवसांत घ्या. एका दुकानातून ३०० डॉलर किंवा जास्तीची खरेदी असेल तर जीएसटी विमानतळावर परत मिळतो, किमतीचा अकरावा भाग. २,२०० च्या लॅपटॉपवर २००. बिल हजाराच्या वर असेल तर त्यावर तुमचं नाव हवं, आणि वस्तू केबिन बॅगेत हवी. विमान सुटायच्या अर्धा तास आधी परताव्याची खिडकी बंद होते, आणि रांग कुणाला ओळखत नाही.

निरोपाचं सांगायचं तर, क्लेटनला आमच्या कुंपणापलीकडे एक ग्रीक आजी राहायच्या. झाडाची लिंबं पिशवीभर द्यायच्या. मी त्याचं लोणचं घालून बरणी दिली, ते त्या मटणाबरोबर खायच्या. निघाले त्या सकाळी त्यांनी कुंपणावरून आणखी सहा लिंबं दिली आणि म्हणाल्या, "सी यू लेटर, डार्लिंग." मी खरंच विचारलं, "किती वाजता?" इथे जन्मात पुन्हा भेटणार नसलेला माणूसही सी यू लेटरच म्हणतो, हे मला दोन वर्षांत कळलेलं नव्हतं. लिंबं विमानात नेता येतील की नाही ते कळेना, म्हणून टॅक्सीवाल्याला दिली. २०१४ ला पुन्हा गेले तर त्या जागी दोन नवी घरं होती. झाड नव्हतं.

तर कुकर ज्याला हवा त्याने शनिवारी सकाळी यावं. सहापैकी दोघांना शिट्टी नाही, एकाचं रबर सैल आहे. पाच लिटरचा एकच आहे, तो चार जणांच्या घरालाच मिळेल, आणि जाताना घासून आणून द्यायचा. गिटार कुणीही घेऊन जा.