बांगड्याचा डीएनए ब्लास्टवर ताडून पाहताना

म्हापशाच्या बाजारातून आणलेल्या बांगड्याचा सीओआय (प्रजाती ओळखायला वापरतात त्या, मायटोकॉन्ड्रियातल्या) जनुकाचा तुकडा, साधारण ६५० अक्षरांचा, सीक्वेन्स होऊन (अक्षरांचा क्रम वाचून) आला की लगेच ब्लास्टमध्ये, म्हणजे नोंदवलेल्या सीक्वेन्सच्या साठ्याशी ताडणाऱ्या साधनात, टाकू नका. आधी सीक्वेन्सिंग यंत्राने दिलेला आलेख उघडून दोन्ही टोकांची गिचमिड छाटा. अक्षराच्या गुणवत्तेचा आकडा २० म्हणजे शंभरात एक अक्षर चुकण्याची शक्यता. त्याखालचं ठेवू नये.

मग ब्लास्टएन, म्हणजे डीएनए डीएनएशी ताडणारा ब्लास्ट. त्यात आधीपासून निवडलेला मेगाब्लास्ट हा पर्याय जवळचे नातलगच नीट शोधतो. काही सापडलं नाही तर तो बदला. नुसत्या टक्केवारीवर हुरळू नका: साम्य १०० टक्के पण कव्हरेज (आपल्या सीक्वेन्सचा जुळलेला भाग) २० टक्के, तर प्रजाती ठरत नाही.

खरी गफलत होते प्रथिनाशी ताडताना. ब्लास्टएक्स डीएनएचं भाषांतर करून प्रथिनांशी ताडतो; त्यात जेनेटिक कोड २ (कणा असलेल्या प्राण्यांच्या मायटोकॉन्ड्रियाचा) निवडायलाच हवा. माशाच्या मायटोकॉन्ड्रियात टीजीए ही तीन अक्षरं म्हणजे ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल. कोड १ (नेहमीचा) राहिला तर तिथे स्टॉप कोडॉन, म्हणजे प्रथिन संपल्याची खूण, दिसतो आणि चांगला सीक्वेन्स हकनाक बाद होतो. कोड २ लावूनही स्टॉप उरले, तर आलेखात एखादं अक्षर गळलंय का ते पाहा. नसेल तर पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती वाढवताना) या जनुकाची केंद्रकातली निकामी नक्कल वाढली असावी.

अनेक नमुने जुळवायला मॅफ्ट हे सॉफ्टवेअर पुरतं. रिव्हर्स प्रायमरचे (उलट टोकाकडून वाचलेले) सीक्वेन्स मात्र आधी रिव्हर्स कॉम्प्लिमेंट करून, म्हणजे क्रम उलटवून जोडीची अक्षरं घालून, घ्या.