झोपाळा करून घेताय? आधी जुनं सागवान शोधा

बडोद्यात जुने वाडे उतरवले जातात तेव्हा त्यातल्या तुळया आणि खांब विकायला निघतात. झोपाळ्याची फळी त्यातूनच काढून घ्या. वरून काळं, खिळ्यांच्या भोकांनी भरलेलं लाकूड बघून नाक मुरडू नका. सुताराला एक हात रंधा मारायला सांगा. आतून सोनेरी सागवान निघतं आणि त्याचा तो तेलकट वास दरवळतो. खिळे मात्र आधी उपटून घ्या, नाहीतर करवतीचे दात जातात. टोकं ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर तेवढा तुकडा कापून टाका. यासाठी एकही नवं झाड पडत नाही, मला हेच मोलाचं वाटतं.

नवंच हवं असेल तर ‘बर्मा टीक’ या नावाला भुलू नका. त्या मागणीपायी म्यानमारची जंगलं फार तुटली आहेत. ‘एफएससी’चं झाडाचं चिन्ह शोधा (जंगल नीट राखून काढलेल्या लाकडाला प्रमाणपत्र देणारी ही संस्था 1993 पासून आहे). चिन्हाशेजारी ‘सी’ आणि सहा आकडी नंबर असतो, तो त्यांच्या वेबसाइटवर टाकून कंपनीचं नाव जुळतं का बघा. ‘मिक्स’ लिहिलेलं असेल तर सगळं लाकूड प्रमाणित जंगलातलं असेलच असं नाही. दुकानदार नुसतं तोंडी ‘सर्टिफाइड’ म्हणाला तर नंबर मागा.