कूलंट कमी होतंय आणि इंजिनचा दिवाही लागलाय? आधी कूलंटचा माग काढा

डिझेल ट्रकचा चेक इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनर धुराशी संबंधित कोड दाखवतो, आणि त्याच सुमारास कूलंटची पातळीही उतरायला लागते. बहुतेक जण या दोन वेगळ्या तक्रारी धरतात: सेन्सर बदलतात, कूलंट वरून ओततात. पण दोन्हींचं मूळ पुष्कळदा एकच असतं, ईजीआर कूलर. सायलेन्सरकडे निघालेला काही वायू इथे कूलंटने थंड होऊन परत इंजिनात जातो. आतली नळी तडकली की कूलंट त्या वायूत मिसळतं.

स्कॅनर लावा, कोड लिहून घ्या, पुसू मात्र नका. मोठ्या ट्रकमध्ये एसपीएन (कोणत्या मापाची तक्रार आहे ते सांगणारा क्रमांक) १११ म्हणजे कूलंटची पातळी, ३२५१ म्हणजे डीपीएफच्या (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरच्या) दोन बाजूंमधला दाबाचा फरक. कोड तक्रार सांगतो, दोषी भाग नाही.

आता इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. तापलेल्या इंजिनाच्या कूलंटचं झाकण उघडलं की उकळतं कूलंट अंगावर येतं. थंड झाल्यावर प्रेशर टेस्टर लावून झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंतच हवा भरा आणि २० मिनिटं थांबा. तेवढ्यात वॉटर पंपाखालचं छिद्र, होजचे क्लॅम्प, रेडिएटरचे सांधे, केबिनच्या हीटरखालची जागा बघून घ्या. वाळलेलं कूलंट पांढरट किंवा रंगीत पापुद्रा सोडून जातं.

काटा उतरला पण बाहेर थेंबही नाही? म्हणजे गळती आत आहे. दाब तसाच ठेवून ईजीआर व्हॉल्व्हचा सांधा उघडा. तिथली काजळी कोरडी असायला हवी. ओलसर चिखल किंवा धुतल्यासारखी स्वच्छ जागा दिसली तर कूलरवर संशय घ्या. काही तडे मात्र गरम झाल्यावरच उघडतात. अशा वेळी कूलर काढून, तोंडं बंद करून, गरम पाण्यात बुडवून हवेने तपासावा लागतो.

कूलंटमध्ये बुडबुडे दिसले की हेड गॅस्केटवर (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या सीलवर) बोट ठेवलं जातं. घाई नको: फुटलेल्या कूलरमधूनही एक्झॉस्टचा वायू कूलंटमध्ये शिरू शकतो. हेड उघडण्याचा खर्चिक निर्णय कूलर तपासल्यावरच घ्या. डिपस्टिकवर दुधाळ तेल दिसलं, किंवा रात्रभर उभ्या गाडीचा स्टार्टर अडकला, तर मात्र इंजिन जबरदस्तीने फिरवू नका. सिलिंडरमध्ये कूलंट साचलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

दोन जागा हमखास विसरल्या जातात. ब्रेकचा एअर कॉम्प्रेसर अनेक ट्रकमध्ये कूलंटनेच थंड होतो, म्हणून हवेच्या टाक्यांतून रंगीत पाणी निघतं का बघा. दुसरी जागा युरियाची, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या द्रावणाची टाकी. तिच्यातल्या गरम करणाऱ्या नळीतून बऱ्याच गाड्यांत कूलंटच फिरतं. न भरता पातळी वाढली आणि युरियाच्या दर्जाचा कोड आला, तर रिफ्रॅक्टोमीटरने (द्रावणाची तीव्रता मोजणाऱ्या उपकरणाने) मोजा, युरियाचं प्रमाण ३२.५ टक्क्यांच्या आसपास हवं.

गळती मिटल्यावर डीपीएफही तपासून घ्या. कूलंटमधल्या रसायनांचे अवशेष रिजनरेशनने (डीपीएफमधली काजळी जाळून टाकण्याच्या प्रक्रियेने) जळत नाहीत, कारण ती काजळी नसते. मग कूलंटमधली हवा काढा, कोड पुसा, भार घेऊन गाडी फिरवा आणि दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर पातळी पुन्हा बघा.