जपानी वाक्य इंग्रजीतून नको, मराठीतून जुळवा

जपानी शिकताना सगळ्यात जास्त छळतात ते वाक्यातले छोटे शब्द: वा, नि, दे, नो. बरीचशी पुस्तकं ते इंग्रजीतून समजावतात, मग वाक्य उलटंपालटं करत बसावं लागतं. आपल्या इंदूरच्या मराठी घरांतल्या मुलांना त्या वळशाची गरजच नाही.

१. वाक्य आधी मराठीत लिहा, क्रियापद शेवटी: मी राजवाड्याहून छप्पनपर्यंत बसने जातो (राजवाडा आणि छप्पन ही इंदूरमधली ठिकाणं).
२. प्रत्यय सुटे करून नाम मूळ रूपात आणा: राजवाडा-हून, छप्पन-पर्यंत, बस-ने. जपानीत सामान्यरूप नसतं, म्हणून ही पायरी गाळू नका.
३. त्याच क्रमाने जपानी शब्द ठेवा: वाताशि वा राजवाडा कारा छप्पन मादे बासु दे इकिमासु.

झालं वाक्य! 'मी'नंतरचा 'वा' कशाबद्दल बोलतोय ते दाखवतो, साधारण आपल्या 'तर'सारखा. हिरागाना या जपानी लिपीत तो 'हा'च्या अक्षराने लिहितात. चा-ची-चे या सगळ्यांना एकच 'नो': सराफा नो गराडू (सराफा बाजाराचा गराडू, म्हणजे तळलेला कंद). जाणारा कोणीही असो, 'इकिमासु' तसंच राहतं. आणि प्रश्न विचारायचा तर शेवटी चक्क आपलाच 'का': इकिमासु का? हे पाहून मुलांची भीती निम्मी पळते.

फक्त 'त' प्रत्ययाला जपा. 'घरात आहे' यात नुसतं असणं आहे, तिथे 'नि': इए नि इमासु. 'घरात जेवतो' यात कृती आहे, तिथे 'दे': इए दे ताबेमासु.